अख्खी मासोळी

तळहाताएवढ्या मासोळीचे काटे काढून तिच्या चकत्या करणं हा शुद्ध आडमुठेपणा आहे, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही. मोठा रोहू असेल, कटला असेल, तर करा तुकडे, कोण नाही म्हणतं? समुद्राच्या माशाचं काय करायचं ते समुद्राकडच्या लोकांनी ठरवावं. पण आमच्या गिरणा नदीतली चिलापी अख्खीच शिजली पाहिजे, डोक्यासकट, काट्यासकट. मासोळीची सगळी चव काट्याला धरून असते. काटा काढला की मागे जे मऊ, पांढरं काहीतरी उरतं ते आजारी माणसाला द्यावं.

हे मी मोबाइलला सांगतो आहे. तो लिहून घेतो, मग सून मला वाचून दाखवते आणि त्याने घातलेले घोळ निस्तरते. मला दिसत नाही. काचबिंदूने आधी कडेकडेचं नेलं, मग मधलं. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. पुढे सुनेबद्दल जे येईल तेही तीच वाचणार, याची मला कल्पना आहे. तिला म्हटलं, नाही पटलं तर खोडून टाक. ती म्हणाली, "नाना, तुम्ही सांगा तर खरं."

आमच्या घरात मासोळीला स्वयंपाकघरात प्रवेश नाही. माझ्या बायकोचं माहेर पाचोऱ्याकडचं, महानुभाव. त्या घरात मांसमच्छीचं नावसुद्धा निघत नाही. आमचं गाव धरणगावच्या अंगाला, गिरणेच्या काठी, आणि आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खाणारे. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी देण्याघेण्याचं काही काढलं नाही. एवढंच विचारलं, घरात शिजतं का? माझी आई म्हणाली, "घरमा नई, अंगणमा." तो शब्द आम्ही पाळला. पुढे मी जळगावला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं, घर बांधलं, तेव्हाही मागच्या अंगणात शेवग्याखाली वेगळी चूल मांडली. तिथला तवा, पातेलं, विळी, ताट, सगळं वेगळं. त्यातलं काही कधी उंबरा ओलांडून आत गेलं नाही.

त्यामुळे मासोळी आणायची मी, साफ करायची मी आणि शिजवायचीही मीच. बायको तेवढा वेळ अंगणाकडे पाठ करून घरात काहीतरी निवडत, टिपत बसायची. भाकरी मात्र तिच्याच हातची. दारात उभी राहून ती माझ्या ताटात वरून सोडायची. ताटाला हात लागू द्यायची नाही. एवढ्या वर्षांत तिने माझ्या खाण्याला नावं ठेवली नाहीत आणि मीही तिला कधी "चाखून तर बघ" म्हटलं नाही. आमचा संसार टिकला त्यात या दोन गोष्टींचा वाटा मोठा आहे.

आता साफ करण्याबद्दल. ज्याला हे माहीत आहे त्याने हा परिच्छेद सोडून द्यावा. मासोळी निसटते म्हणून हाताला आधी चुलीतली राख लावायची. शेपटी धरायची आणि सुरीच्या पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढत जायचं. धारेने काढू नये, कातडी फाटते. पाठीवरच्या पराला टोकदार काटे असतात, ते बोटात घुसले की दोन दिवस ठणकतं, म्हणून तो पर आधी विळीवर उडवायचा. मग पोट उभं चिरायचं, पण वरवर. आत पित्ताची पिशवी असते. ती फुटली तर सगळी मासोळी कडू, मग काही करा. आतडी काढायची, कल्ले उपटायचे, पोटातली काळी साल अंगठ्याने घासून काढायची. मिठाच्या पाण्याने दोनदा धुवायची. अंगावर तिरप्या चिरा द्यायच्या आणि हळद, मीठ, तिखट, लसूण चोळून ठेवून द्यायची. एवढंच. यात काटा काढणं कुठेच येत नाही. काटा ज्याचा त्याने ताटात काढायचा.

दृष्टी गेली तसं माझ्या हातातलं एकेक काढून घेतलं गेलं. आधी मोटरसायकल. ते ठीकच झालं, एक दिवस मी उभ्या बैलगाडीला जाऊन धडकलो होतो. मग दुकान. तांब्याची तार बोटांनी गुंडाळता येते, पण जळलेलं वाइंडिंग कुठे जळलंय ते बघावं लागतं. मग दाढीचं ब्लेड. मग विळी. विळी कोणी आणि कुठे ठेवली ते मला कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरचे सगळे प्रेमाने वागत होते आणि प्रेमापुढे भांडता येत नाही, ही त्यातली मोठी अडचण.

मुलगा शाळेत मास्तर आहे. सून नाशिककडची, घरी शिकवण्या घेते. दोघेही मासोळी खातात. तेव्हा साफ कोणी करायची हा प्रश्न आला. मुलाला ते जमत नाही. तो खवले असे काढतो की अर्धे भिंतीवर जातात आणि अर्धे मासोळीवरच राहतात. मग त्याने शहरातल्या एका नव्या दुकानातून पाकिटातला मासा आणायला सुरुवात केली. धुतलेला, कापलेला, बोनलेस. सुनेने तो अंगणातल्या चुलीवर छान परतला. मी एक तुकडा खाल्ला. मुलाने विचारलं, "कसा आहे?" मी म्हटलं, "कापूस चांगला निघालाय यंदा." सून हसली, मुलगा नाही हसला.

सुनेचं मात्र कौतुक केलं पाहिजे. तिने माझं बोलणं मनावर घेतलं. नानांना चिलापीच पाहिजे ना, मग आपण चिलापीच बोनलेस करू. मोबाइलवर बघून बघून तिने लवचीक पात्याची पातळ सुरी मागवली. अंगणात पाट मांडून ती मासोळीच्या कल्ल्यामागे सुरी घालायची आणि मणक्याला घासत शेपटीपर्यंत आणायची. मग उलटून दुसरी बाजू. तो आवाज मला बसल्या जागी ऐकू यायचा, करकर करकर. किलोभर चिलापीतून वाटीभर मांस निघायचं. बाकी सगळं डोकी, मणके, पोटं. मांजर आमच्या घरीच राहायला आली. मी म्हणायचो, "मांजरीला बोनलेस घाल आणि मला तिचं ताट दे." पण खरं सांगायचं तर तिने केलेलं ते चवीला पाकिटापेक्षा बरं होतं. मी मुकाट्याने खायला लागलो होतो.

मग काटा अडकला.

चिलापीच्या त्या चकतीत पुढच्या बाजूला, मांसाच्या मधोमध, बारीक काट्यांची एक ओळ राहते. सुरी फिरवून मणका काढला तरी ती निघत नाही, चिमट्याने एकेक ओढावी लागते. सून ते करायची, बोट फिरवून बघायची. त्या दिवशी एक राहिला. तिची चूक नाही, दिसणाऱ्यालाही तो दिसत नाही. चूक झाली ती अशी की मला सांगितलेलं होतं, यात काटा नाही. मग मी भाकरीत गुंडाळून मोठा घास घेतला आणि न चाचपता गिळला. अख्खी मासोळी खाताना असला घास मी जन्मात घेतला नसता.

घशात काहीतरी उभं राहिलं. कोरडी भाकरी गिळून झाली, केळं झालं, पाठीवर गुद्दे झाले. गिळताना डोळ्यांतून पाणी. बायको दारातून "काय व्हयनं? काय व्हयनं?" विचारत राहिली, आणि मला बोलता येईना. मुलाने स्कूटरवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी चिमट्याने काटा काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाले, "बघा केवढासा." बघा म्हणाले. मी बोटाने बघितला. भुवईच्या केसाएवढा होता.

घरी आलो. रात्री त्याने निकाल दिला. "नाना, आजपासून मासोळी बंद. फार वाटलं तर मी स्वतः बघून, कुस्करून भरवीन. तुम्ही हाताने खायची नाही."

पुढच्या रविवारी त्याने खरंच तसं केलं. पाकिटातला मासा आणला, कुस्करला, प्रत्येक घास बोटांनी तपासला आणि माझ्या ओठापर्यंत आणला. म्हणाला, "आ करा."

मी तोंड उघडलं नाही. मला त्याचा राग आला नाही, खोटं कशाला सांगू? मला भीती वाटली. कारण काही दिवसांपासून घरात दुसऱ्याही गोष्टी सुरू झाल्या होत्या. बोरं आली तर बिया काढून वाटीत. शेवग्याची शेंग आमच्याच अंगणातली, तिचाही गर खरवडून भाजीत. माझ्या ताटातून चावायचं, सोलायचं, थुंकायचं असं एकेक नाहीसं होत चाललं होतं. घास भरवणं मासोळीवर थांबणार नाही, उद्या वरणभातावर येईल, हे मला स्वच्छ दिसत होतं. डोळे गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. त्या दिवशी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो.

मी त्याला समजावून बघितलं. म्हटलं, अरे, अख्ख्या मासोळीत काटा कुठे आहे ते ठरलेलं असतं. मधे मणका, पोटाला बरगड्या, पाठीवर पराची मुळं. बोट लावलं की कळतं. आम्ही लहानपणी चिमणीच्या उजेडात खायचो, तेव्हा कोणाच्या बापाला काटे दिसत होते? धोका त्यात नाही, धोका "यात काटा नाही" म्हणून पुढे ठेवलेल्या तुकड्यात आहे. तो म्हणाला, "नाना, तेव्हा तुम्ही लहान होता, डोळे होते. मला परत ते स्कूटरवरचं नको." त्याचंही खरं होतं. वाद संपला. मी मासोळीचं नाव घेणं सोडलं.

मग एक दिवस मुलगा आणि सून धुळ्याला गेले. नात्यात साखरपुडा होता. सकाळीच निघाले, संध्याकाळी येतो म्हणाले. बायकोने खिचडी टाकायची ठरवली होती. दुपारच्या आधी गल्लीतून भोईणीची हाक आली. ही बाई वर्षानुवर्षं आमच्या दारावर मासोळी देते. घरात काय घडलंय ते तिला माहीत नव्हतं.

"नाना, भलती ताजी चिलापी शे. देखा तं खरं."

"माले काय दखाडस, अक्का? हातमा दे," मी म्हटलं.

तिने एक मासोळी माझ्या हातात दिली. थंड होती, घट्ट होती. अंगठ्याने कल्ला उचलून वास घेतला. नदीचा वास होता, दुसरा कसला नाही. मी म्हटलं, दे. साफ करून देऊ का, तिने विचारलं. मी म्हटलं, नको, अख्खीच दे. हे म्हणून झाल्यावर माझ्या मागे दारात बायको उभी आहे हे मला कळलं, कारण तिने जोरात श्वास घेतला.

"तुमले दिसत नई. कोण करी हाई?" ती म्हणाली.

"मी करसु."

"नि बोट कापाई गयं म्हंजे? पोरगा माले काय म्हनी?"

"विळी कोठे ठेवी शे तेवढं सांग."

मासोळी घेऊन मी भिंतीच्या कडेकडेने घराला वळसा घालून मागच्या अंगणात आलो. ती चुलीमागच्या सरपणाकडे गेली, लाकडांखालून काहीतरी ओढल्याचा आवाज आला आणि विळी माझ्यापुढे जमिनीवर ठेवली गेली. तिनेच लपवली होती. विळी वेगळ्या संसारातली, तिला हात लावला म्हणजे आंघोळ आलीच. मी म्हटलं, "तू आते घरमा जाय. पाठ करीसन बठ, नेहमीसारखी." ती गेली नाही. मागच्या दाराच्या पायरीवर बसली. साडी आवरून घेतल्याचं ऐकू आलं. म्हणाली, "मी शिवाव नई. पन देखसु. तुमी करा."

आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली. ही बाई कधी मासोळीकडे तोंड करून बसली नव्हती.

पहिली मासोळी मी फार सावकाश केली. राख लावली, शेपटी धरली. खवले काढणं हे डोळ्यांचं काम नाहीच, हे मला तेव्हा नव्याने कळलं. अंगठा उलटा फिरवला की राहिलेला खवला नखाला लागतो. पर उडवताना मात्र अंदाज चुकला आणि पाठीचा काटा बोटात घुसला. मी "स्स" केलं.

"रगत ई ऱ्हायनं," पायरीवरून आवाज आला.

"येऊ दे."

"पोटखाले ऱ्हायनात खवले. शेपटीजवय बी."

मी तिथे सुरी फिरवली. तिचा आवाज नाकाला लावलेल्या पदरातून येत होता. मी म्हटलं, नको बघूस, मला येतं आहे. ती म्हणाली, गप करा आणि हात बघून चालवा. बघून चालवा, मला म्हणाली. मग आम्ही दोघेही हसलो. बरं वाटलं.

दुसऱ्या मासोळीचं पोट चिरताना विळी जरा आत गेली. मला काही कळलं नाही. मी आतडी ओढायला लागलो तेवढ्यात ती ओरडली, "थांबा! हिरवं व्हई गयं." पित्त फुटलं होतं. मी बोट जिभेला लावून बघितलं. कडूजहर. ती मासोळी भिंतीपलीकडे टाकली. मांजरीने ती खाल्ली की नाही कोण जाणे. त्यानंतर मी चिरण्याआधी विचारायचो आणि ती सांगायची, आजून वर, हां, बस. जिला आतड्याचं नाव काढलेलं खपत नाही ती मासोळीच्या पोटात वाकून बघत होती, आणि मला रस्ता सांगत होती. मध्ये दोनदा उठून मोरीत जाऊन आली. चुळा भरल्याचं मी ऐकलं. परत येऊन बसली.

चूल तिने पेटवली, विस्तवाला विटाळ नसतो म्हणाली. हे शास्त्र तिने कुठून काढलं ते मी विचारलं नाही. तव्यावर तेल मी सोडलं, मासोळ्या मी सोडल्या, आणि उलटायची वेळ कधी झाली ते तिने सांगितलं. मग ती आत गेली, भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी. खिचडीचा बेत बारगळला होता. हे सगळं होईपर्यंत दुपार उलटून गेली.

ताट माझ्यापुढे आलं. म्हणजे मीच घेतलं, मासोळी मीच वाढून घेतली, भाकरी तिने वरून सोडली. मासोळी फिरवून मी तिचं डोकं डाव्या हाताकडे आणलं. डोकं कुठे ते कळलं की बाकीचं सगळं जागेवर येतं. पाठीच्या कडेने अंगठा घातला, पराची मुळं ओढून काढली, मग वरचं मांस मणक्यापासून सुटत सुटत आलं. एवढासा घास, जिभेने चाचपलेला. काटा लागला की ताटाच्या कडेला. वरची बाजू संपली, शेपटी धरून मणका उचलला, तो सगळाच्या सगळा निघून आला. मी तो कडेला ठेवला. इतक्या दिवसांनी मी जेवत होतो. तोंडात घास आपोआप येत नव्हता, मी आणत होतो.

इथे एक गोष्ट सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल. मला ती नंतर सुनेने सांगितली. धुळ्याचा साखरपुडा लवकर उरकला आणि परतीला ओळखीच्यांची गाडी मिळाली. त्यामुळे मुलगा आणि सून संध्याकाळऐवजी तेव्हाच येऊन पोचले होते. पुढचं दार उघडंच होतं. घरातून ते मागच्या दारापर्यंत आले, मला ताटावर वाकलेला बघितलं, ताटात अख्खी मासोळी बघितली. मुलगा पुढे यायला लागला. बायकोने हात आडवा केला आणि त्याला तिथेच थांबवलं. माझ्या चुलीचं लाकूड तेवढ्यात तडतडत होतं, मला काही ऐकू आलं नाही.

माझ्या हिशेबाने अंगणात मी आणि ती, दोघेच. पोट भरत आलं की माणूस बोलतो. मी म्हटलं, "त्याले सांगू नको. भ्याड शे तो."

मी आणखी एक काटा ताटाच्या कडेला ठेवला. मी म्हटलं, "पोरगा चांगला शे, तीच पंचाईत शे. वाईट ऱ्हाता तं शिव्या देतू नि मोकया व्हतू. तो धाकला व्हता तव्हय याच हातसनी मी त्याले काटा काढी काढी खावाडं. आते तो माले 'आ करा' म्हनस. त्यानी हातना घास कडू नई व्हता, तुले सांगस. पन तो घास मी घेता ना, तं मंग या घरमा मी फक्त एक तोंड ऱ्हातू. डोया गयात. हात गयात का मन्हा?"

तरीही ती गप्प. मला वाटलं, रडते आहे. ती तशी लगेच रडते. मी विषय बदलायला म्हणून विचारलं, "आजून एक शे ना तवावर? बठ, मी उठस. तू नको शिवू."

मी जमिनीला हात टेकून उठायला लागलो तेवढ्यात चुलीपाशी हालचाल झाली. उलथनं तव्यावर घासल्याचा आवाज आला, एकदा, मग पुन्हा, जपून, मासोळी मोडू नये म्हणून. बांगडी वाजली नाही. मी होतो तसाच परत खाली बसलो. ताटात काहीतरी अलगद सरकलं, गरम वाफ तोंडावर आली. कोणीतरी माझ्या जवळ उकिडवं बसलं होतं.

मुलगा घरात कायम शुद्ध बोलतो. मास्तरकीची सवय. त्या दिवशी मात्र तो त्याच्या आजीसारखा बोलला.

"नाना," तो म्हणाला, "अख्खी शे. डोकं डावा हातकडे शे."

मी डावा हात नेला. डोकं तिथेच होतं.